मोहरीची पेरणी : मूठ, नळी आणि यंत्र

मराठी माणसाची आणि मोहरीची ओळख चिमटीएवढी आहे. तेल तापते, मोहरी तडतडते, फोडणीचा वास घरभर पसरतो आणि तिचे काम संपते. परंतु दिल्लीच्या दक्षिणेस, फरीदाबाद ओलांडून पलवल आणि नूहच्या बाजूस जानेवारीत जाणाऱ्या मराठी प्रवाशाला हीच मोहरी निराळ्या रूपात भेटते. अरवलीच्या उघड्या टेकड्यांच्या पायथ्यापासून दूरवर पिवळी शेते पसरलेली असतात. तेथे मोहरी हे पीक आहे, तेल आहे, गुरांची पेंड आहे, चुलीचे जळण आहे आणि लहान शेतकऱ्याच्या घरचा हाती येणारा पैसाही आहे. या पिवळ्या शेतांचे भवितव्य ऑक्टोबरातल्या आठ-दहा दिवसांत ठरते. त्या दिवसांत बी जमिनीत कसे पडले, किती खोल पडले आणि कशाच्या साह्याने पडले, याचाच विचार आज करावयाचा आहे.

हा सारा भाग पूर्वी गुरगाव जिल्ह्यात मोडत असे. १९७९ साली फरीदाबाद जिल्हा निराळा झाला. २००५ साली मेवात, म्हणजे आजचा नूह, आणि २००८ साली पलवल हे जिल्हे झाले. यमुनेच्या काठची जमीन गाळाची. तिथे गहू आणि भात. १८७४ साली सुरू झालेला आग्रा कालवा ओखल्याहून निघून याच भागातून दक्षिणेकडे जातो. अरवलीच्या बाजूस मात्र जमीन हलकी आणि वालुकामय होत जाते, विहिरींचे पाणी काही ठिकाणी मचूळ लागते आणि तेथे खरिपात बाजरी व रब्बीत मोहरी ही जोडी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. मोहरीला पाणी थोडे पुरते, थोडीफार क्षारता ती सोसते आणि तिची मुळी खोल जाऊन पावसाळ्याची उरलेली ओल शोधते. म्हणूनच जिथे गव्हाला दाद मिळत नाही तिथे मोहरी उभी राहते.

पण एवढ्या सोशीक पिकाचे बालपण फार नाजूक आहे. मोहरीच्या १००० दाण्यांचे वजन सामान्यतः ४ ग्रॅमच्या आसपास भरते. म्हणजे १ किलो बियाण्यात सुमारे अडीच लाख दाणे. गव्हाचा कोंब भाल्यासारखा टोकदार आवरणात लपून वर येतो. मोहरीचे तसे नाही. तिचा कोंब मान वाकवून, आपल्या दोन दळांचे ओझे ओढीत, माती बाजूस सारीत वर येतो. दाणा लहान, म्हणून जवळची शिदोरीही लहान. खोल पडला तर वाटेतच शिदोरी संपते. उथळ पडला तर वरची माती दोन दिवसांत वाळून मोड करपतो. आणि पेरणीनंतर एखादी सर येऊन जमिनीवर खपली धरली तर वर येऊ पाहणारी मान तिच्याखालीच मोडते. पेरणीच्या अवजारांची तुलना करायची ती या दाण्याच्या बाजूने केली पाहिजे.

सर्वांत जुनी पद्धत मुठीची. शेतकरी ओटीत बी घेऊन चालतो आणि हाताच्या फेकीने ते शेतभर फोकतो. मागून हलकी नांगरट करून किंवा फळी ओढून ते मातीआड करतात. या पद्धतीला अवजार लागत नाही, भाडे लागत नाही, कोणाची वाट पाहावी लागत नाही. दोन एकरांची पेरणी एका सकाळी उरकते. परंतु बी कोठे अर्धा इंच, कोठे तीन इंच खोल जाते. जे ओलीत पडले ते चौथ्या-पाचव्या दिवशी उगवते, जे कोरड्यात पडले ते तसेच राहते. रोपे एकीकडे दाट, दुसरीकडे विरळ. ओळ नसल्यामुळे कोळपे चालत नाही, तण हाताने काढावे लागते, आणि पुढे मावा पडला तर औषध मारणाऱ्याला पाय ठेवायला वाट राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी शेतकरी बी जास्त टाकतो. त्याने दाटी वाढते, एकसारखेपणा येत नाही.

दुसरी पद्धत नांगरामागच्या तासाची. तिचे उत्तरेत दोन प्रकार आहेत. नांगराने पाडलेल्या तासात मागून चालणाऱ्याने चिमटीने बी सोडले तर तो केरा. नांगराला बांधलेल्या नळीतून बी सोडले तर तो पोरा. नळीचे तोंड नरसाळ्यासारखे, शेंडा फाळाच्या मागे अगदी ओलीपाशी. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे काही नवे वाटणार नाही. आपल्याकडचे मोघणे ते हेच. आणि पाभर किंवा तिफण म्हणजे तर याच कल्पनेचा पुढचा टप्पा : एका चाड्यात पडलेली मूठ तीन-चार नळ्यांतून, तीन-चार फणांमागे, समान वाटली जाते.

नळीतून पेरण्याची ही विद्या फार जुनी आहे. प्राचीन मेसोपोटेमियाच्या मुद्रांवर नांगराला जोडलेले नरसाळे कोरलेले आढळते. इंग्लंडात जेथ्रो टलने आपले पेरणीयंत्र १७०१ च्या सुमारास तयार केले, तेव्हा ते तेथे नवल होते. पुढे १७९० च्या दशकात हॅलकॉट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानातील शेतकरी पाभरीसारख्या अवजाराने पेरतात हे पाहून त्याचे वर्णन इंग्लंडला धाडले. आणि जी गोष्ट युरोपची अगदी अलीकडची समजली जात होती ती येथे पूर्वापार रूढ असल्याचे तिकडच्या जाणकारांस कळले. चाड्यावर मूठ धरणे हे सोपे काम नव्हे. बैलांची चाल, नळ्यांची संख्या आणि बोटांतून सुटणारे दाणे यांचा मेळ घालावा लागतो. महाराष्ट्रात हे काम पुष्कळदा स्त्रियांच्या हाती असते आणि तो हात गावात नावाजलेला असतो.

पोरा पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हा की बी ओलीपर्यंत पोचते. वरची दोन बोटे माती सुकली असली तरी फाळ ती बाजूस सारतो आणि दाणा खालच्या वाफशात ठेवतो. कोरडवाहू जमिनीत या एका गुणासाठीच ती टिकून राहिली. दोष दोन. वेळ लागतो, आणि माणसे लागतात. एका बैलजोडीने जेवढे क्षेत्र दिवसाकाठी होते तेवढ्यात ऑक्टोबरचे ऊन उरलेल्या शेताची ओल उडवून नेते. शिवाय आज या भागात बैलजोडी राहिलीच आहे किती घरी? ट्रॅक्टरने तिची जागा घेतली.

आणि ट्रॅक्टरच्या कथेत फरीदाबादचे स्थान मोठे आहे. फाळणीनंतर सरहद्द प्रांतातून, विशेषतः बन्नू भागातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून येथे नवे नगर वसवले गेले. त्याच्या आधाराने कारखाने उभे राहिले. २४ एप्रिल १९५९ रोजी आयशर कंपनीचा पहिला ट्रॅक्टर फरीदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. एस्कॉर्ट्स ही ट्रॅक्टर बनवणारी दुसरी मोठी कंपनीही येथलीच. २०२२ पासून ती जपानी भागीदाराचे नाव जोडून एस्कॉर्ट्स कुबोटा म्हणून ओळखली जाते. ज्या शहरात ट्रॅक्टर घडले त्याच शहराच्या वेशीवरच्या शेतकऱ्याने मात्र कितीतरी वर्षे मोहरी मुठीनेच फेकली. ट्रॅक्टर ओढण्याचे काम करतो. पेरण्याचे काम मागे जोडलेले अवजार करते.

हे अवजार म्हणजे बी व खत पेरणारे यंत्र. एका आडव्या पेटीत दोन कप्पे : एकात बी, दुसऱ्यात खत. बियाण्याच्या कप्प्याच्या तळाशी खाचांचे रूळ असतात. जमिनीवर फिरणारे चाक साखळीने हे रूळ फिरवते. प्रत्येक खाचेत काही दाणे बसतात आणि नळीतून फणामागे पडतात. चाक फिरेल तेवढेच बी पडते, त्यामुळे ट्रॅक्टर थांबला की पेरणीही थांबते. ओळींत ३० सेंटिमीटर अंतर, दाणा ४ ते ५ सेंटिमीटर खोल, आणि एकरी सव्वा ते दीड किलो बी, अशी राया मोहरीसाठी शिफारस आहे. राया म्हणजे या भागात मुख्यत्वे पेरली जाणारी मोहरी.

आता थोडे गणित करू. दीड किलो बियाण्यात सुमारे पावणेचार लाख दाणे. ३० सेंटिमीटरच्या ओळी आणि ओळीत १२ सेंटिमीटरवर एक रोप धरले तर एकरात सुमारे १ लाख १२ हजार रोपे मावतात. म्हणजे शिफारशीप्रमाणे पेरले तरी तीन दाण्यांमागे एकच रोप ठेवायचे असते. उरलेले दोन उगवले नाहीत तर चालते; सारे उगवले तर तिसऱ्या आठवड्यात विरळणी करावी लागते. मूठ थोडी सैल सुटली, किंवा यंत्राची फट रुंद राहिली, की एकरी ३-४ किलो बी सहज जाते. त्यातून रोपे वाढतात ती उंच, बारीक आणि फांद्यांवाचून. दाट रान दिसते, पण शेंगा थोड्या.

यंत्राची कसोटी येथेच लागते. खाचांचे रूळ मुळात गव्हासारख्या मोठ्या दाण्यासाठी योजलेले. मोहरीच्या गोल, गुळगुळीत दाण्याला ते सैल पडतात. काही शेतकरी बियात बारीक वाळू मिसळून त्याचे आकारमान वाढवतात. पण यंत्राच्या हादऱ्यांनी वाळू आणि बी वेगळी होतात आणि शेताच्या एका टोकाला बी, दुसऱ्या टोकाला नुसती वाळू पडते. बारीक दाण्यासाठी बारीक खाचांचा रूळ बसवणे हा खरा उपाय. आणि शेतात जाण्यापूर्वी यंत्राचे माप घेणे हा त्याहून महत्त्वाचा.

हे माप घरच्या अंगणात घेता येते. समजा, यंत्राला नऊ फण आहेत आणि दोन फणांत ३० सेंटिमीटर अंतर आहे. म्हणजे पेरणीची रुंदी २.७ मीटर. चाकाचा परीघ दीड मीटर असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात ४ चौरस मीटरांहून किंचित अधिक जमीन पेरली जाते आणि १ एकरास सुमारे १००० फेरे होतात. यंत्र उचलून ठेवावे, प्रत्येक नळीखाली पिशवी बांधावी, चाक हाताने १०० वेळा फिरवावे आणि पडलेले बी तोलावे. ते १२५ ते १५० ग्रॅम भरले तर यंत्र बरोबर आहे. शिवाय प्रत्येक पिशवी निराळी तोलली तर कोणती नळी उपाशी आणि कोणती अधाशी हेही कळते. अर्ध्या तासाचे हे काम. पण यंत्र भाड्याचे, चालक घाईत, पुढच्या शेताचा मालक बांधावर उभा. अशा वेळी हा अर्धा तासच वगळला जातो आणि त्याची किंमत फेब्रुवारीत कळते.

खताच्या बाबतीतही यंत्र दुधारी आहे. रासायनिक खत बियाला चिकटून पडले तर कोवळा मोड करपतो; ते दाण्याच्या बाजूस आणि थोडे खाली पडले पाहिजे. मोहरीला गंधकाची गरज इतर पिकांहून अधिक, म्हणून ज्यात गंधकही असते असे सुपर फॉस्फेट तिला मानवते. मुठीने फोकताना खत आणि दाणा यांतले हे अंतर राखणे शक्यच नाही. त्याचप्रमाणे ट्रॅक्टरचा वेगही आवरला पाहिजे. तो भरधाव गेला की एका फणाची माती शेजारच्या ओळीवर उडते आणि चार सेंटिमीटरचा दाणा आठ सेंटिमीटरांत गाडला जातो.

भाताच्या पट्ट्यात प्रश्न निराळा आहे. भाताची कापणी ऑक्टोबरात होते, आणि मोहरीचा उत्तम काळ सप्टेंबरअखेरीपासून ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंतचा. त्याआधी पेरावे तर उन्हाने रोपे कोमेजतात आणि येथे धोलिया म्हणतात तो ठिपक्यांचा किडा ती सुकवतो. नोव्हेंबरात पेरावे तर फुलोरा आणि मावा यांची गाठ पडते. मधल्या थोड्या दिवसांत कापणी, नांगरट, ओलवणी आणि पेरणी कशी साधावी? यासाठी बिननांगरटीचे यंत्र आले. त्याचा अरुंद फण न नांगरलेल्या जमिनीत चीर पाडतो आणि चिरेत बी व खत सोडतो. नांगरटीचे दिवस आणि डिझेल वाचते, भाताची उरलेली ओल कामी येते. मात्र शेतात मोकळा पेंढा असेल तर तो फणांत अडकतो. आणि येथूनच पेंढा जाळण्याचा मोह सुरू होतो, ज्याचा धूर दिल्लीपर्यंत जातो. पंजाबात ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या साह्याने तयार झालेले हॅपी सीडर हे यंत्र पेंढा कापून उचलते, खाली पेरते आणि वर पेंढा पसरते. गव्हाला ही पांघरूण घालण्याची रीत चांगली मानवली. मोहरीच्या बाबतीत पेंढा जाड राहू नये याची काळजी घ्यावी लागते. कारण गव्हाचा भाला जो थर भेदतो तो मोहरीच्या वाकलेल्या मानेला भारी पडतो.

मचूळ पाण्याच्या जमिनीत आणखी एक युक्ती उपयोगी पडते. तेथे सरी-वरंबे पाडतात. पाणी सरीतून वर चढते आणि क्षार वरंब्याच्या माथ्यावर साठतात. म्हणून बी माथ्यावर न टोकता वरंब्याच्या उतारावर टोकावे लागते. चार बोटांचा हा फरक. पण उगवण त्यावर अवलंबून असते.

आता क्षणभर दूर कॅनडाकडे पाहू. तेथील शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका पिकातून इरुसिक आम्ल आणि उग्र गंधकयुक्त द्रव्ये जवळजवळ काढून टाकली. अशा दोन्ही गुणांचा पहिला वाण १९७४ साली प्रसृत झाला, आणि पुढे त्या पिकाला कॅनोला हे नाव मिळाले. त्याच्या तेलात इरुसिक आम्ल शेकडा २ हून कमी असते. आपल्या नेहमीच्या मोहरीच्या तेलात ते शेकडा ४० च्या आसपास किंवा अधिक. कॅनडात हे पीक वसंतात, एप्रिलअखेर आणि मे महिन्यात पेरतात. शेते शेकडो एकरांची. पेरणीयंत्रे साठ-साठ फूट आणि त्याहूनही रुंद. बी वाऱ्याच्या झोताने नळ्यांतून फणांपर्यंत पोचवले जाते. आणि तेथली शिफारस काय? दाणा अर्धा ते एक इंच खोल असावा, अधिक नाही. येथे दीड-दोन इंच, तेथे त्याच्या निम्मे. यात कोणाचेच चुकत नाही. तेथे जमीन बर्फातून नुकतीच सुटलेली, वरपर्यंत ओली आणि थंड. खोलवर दाणा गारठतो. येथे जमीन पावसाळ्यातून सुटलेली, वरून तापलेली. ओल खाली उतरलेली असते आणि दाण्याला तिच्या मागे जावे लागते. एवढी अवजड यंत्रे असूनही तेथे पेरलेल्या दाण्यांपैकी सुमारे निम्मेच रोपापर्यंत पोचतात, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

कॅनोलाच्या गुणाचे वाण आता आपल्याकडेही झाले आहेत. दिल्लीच्या पुसा संस्थेने पुसा मोहरी ३१ हा दोन्ही दोष कमी असलेला वाण दिला. लुधियानाच्या विद्यापीठाने गोभी सरसोंचे तसे वाण दिले. गोभी सरसोंची झाडे पसरट, म्हणून तिच्या ओळी ४५ सेंटिमीटरवर ठेवतात आणि यंत्राचे फण त्याप्रमाणे सरकवावे लागतात. आणि येथे पेरणीयंत्राची एक नवीच जबाबदारी उद्भवते. पेटीच्या कोपऱ्यात आणि रुळांच्या खाचांत आदल्या शेतातली मूठभर साधी मोहरी राहून गेली, तर नव्या वाणाच्या शेतात हजारो परकी झाडे उभी राहतात आणि तेलाचा गुण बिघडतो. तेव्हा भाड्याचे यंत्र शेतात उतरण्यापूर्वी झाडून घेणे हे आता स्वच्छतेपुरते राहिलेले नाही, ते बियाण्याचे रक्षण आहे.

देश आपल्या गरजेच्या निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो. मोहरीवर्गीय पिकांचे क्षेत्र अलीकडे ९० लाख हेक्टरांच्या आसपास गेले आहे. हे आकडे मोठे वाटतात. पण ते उभे राहतात दोन-तीन एकरांच्या शेतांवर. अशा शेतकऱ्याला स्वतःचे यंत्र घेणे परवडत नाही. तो भाड्याच्या यंत्रावर अवलंबून असतो, आणि गावात एक यंत्र असले की ते आधी मोठ्या शेतात जाते. लहान शेताची पाळी येईपर्यंत ओल उतरते. मग तो पुन्हा मुठीकडे वळतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे; परंतु वाफसा निघून जात असताना उद्याच्या यंत्रापेक्षा आजची मूठ त्याला शहाणपणाची वाटते, आणि पुष्कळदा ती तशी असतेही. आठ दिवस उशिरा आलेले उत्तम यंत्र हे वेळेवर चाललेल्या साध्या नळीहून श्रेष्ठ ठरत नाही.

यावर मार्ग नाही असे नव्हे. अवजारे भाड्याने देणारी केंद्रे गावोगाव निघत आहेत. तेथे ऑक्टोबरच्या पंधरवड्यासाठी पाळ्या आधीच लावल्या आणि लहान शेतांचा एक सलग पट्टा करून यंत्र एकाच फेरीत फिरवले, तर वेळ वाचतो. ट्रॅक्टर मिळत नसेल तर हाताने ढकलायचे एका ओळीचे पेरणीयंत्र अर्ध्या-एक एकरास पुरते. तेही नसेल तर नळी आहेच. मूठ फेकणे हा शेवटचा उपाय समजावा. आणि तो करावाच लागला तर बी मोजून दोन समान वाटे करावेत, एक वाटा उभा आणि दुसरा आडवा फोकावा, म्हणजे निदान दाटी-विरळी कमी होते.

फरीदाबादच्या कालव्यापलीकडे आज उंच इमारती उभ्या राहत आहेत. जिथे काल ओळी होत्या तिथे रस्ते आखले जात आहेत. जी जमीन शेतीखाली उरली आहे तिच्याकडून अधिक पीक हवे असेल तर ते आधिक्य बियाण्याच्या पोत्यांतून येणार नाही, दाण्याच्या जागेतून येईल. ओल किती बोटांवर आहे, हातात दिवस किती आहेत, आणि यंत्राच्या नळीतून नेमके किती दाणे पडतात, या तीन प्रश्नांची उत्तरे बांधावर उभे राहून ज्याने शोधली, त्याच्या हाती मूठ असो, नळी असो की यंत्र असो, मोहरी त्याला जानेवारीत आपल्या पिवळ्या फुलांनी उत्तर दिल्यावाचून राहणार नाही.